गादी, कोंबडीघरातील

कोंबड्यांच्या निवाऱ्यात जमिनीवर पसरलेल्या कोरड्या, हलक्या व सच्छिद्र पदार्थाच्या थरास गादी म्हणतात. धानाचे तूस, लाकडाचा भुसा, रंध्याखाली निघणारी सालपटे, चिरलेले तणस, भुईमुगाची टरफले, उसाचे चिपाड, वाळू इ. पदार्थ या कामी वापरले जातात. व्यापारी कुक्कुटशाळांमध्ये मांसल कोंबड्या बहुधा गादीवरच वाढविल्या जातात आणि तेथील व्यवस्थापनाचे नियम बरेचसे ठरून गेले आहेत. घराच्या परसात पाच-पंचवीस कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबाची गरज मात्र वेगळी असते. त्या कोंबड्या दिवसभर बाहेर चरतात, खुराडे लहान असते आणि गादीसाठी निराळा खर्च करण्याची बहुधा तयारी नसते. प्रस्तुत नोंदीत अशा खुराड्यासाठी गादीची निवड कशी करावी याचा विचार भंडारा जिल्ह्यातील परिस्थिती समोर ठेवून केला आहे.

गादी या नावामुळे मऊपणा हाच तिचा मुख्य गुण असावा असा समज होतो. तो बरोबर नाही. गादीचे खरे काम पाण्याशी निगडित आहे. पूर्ण वाढलेली मध्यम वजनाची कोंबडी दिवसाला साधारणपणे ८० ते १२० ग्रॅ. ताजी विष्ठा टाकते आणि तिच्यात सु. तीन-चतुर्थांश पाणी असते. म्हणजे दहा कोंबड्यांमागे रोज पाऊण लिटरच्या आसपास पाणी केवळ विष्ठेतून पडते. त्यात उच्छ्‌वासातील बाष्प व पाण्याच्या भांड्यातून सांडलेले पाणी यांची भर पडते. हे पाणी वरच्या थरातून चटकन खाली घेणे व पुढे हवेत सोडून देणे ही दोन्ही कामे चांगल्या गादीला करावी लागतात. पहिले काम करणारे पदार्थ पुष्कळ आहेत, दुसरे काम करणारे थोडे. पाणी शोषून ते धरून ठेवणारा पदार्थ दोन-तीन दिवस उत्तम वाटतो व आठवड्याने चिखल होतो.

कोंबडी मूत्र वेगळे टाकत नाही. शरीरातील नत्रयुक्त त्याज्य द्रव्य यूरिक अम्लाच्या रूपाने विष्ठेवरील पांढऱ्या थरात बाहेर पडते. ओलावा व ऊब मिळताच सूक्ष्मजंतू या अम्लाचे विघटन करतात आणि अमोनिया वायू सुटतो. गादीतील ओलावा वजनाच्या २० ते ३० टक्क्यांच्या दरम्यान असेल तोवर ही क्रिया आटोक्यात राहते. तो ३५ टक्क्यांच्या वर गेला की अमोनियाचे प्रमाण झपाट्याने वाढते. हवेच्या दशलक्ष भागांत २५ भागांहून अधिक अमोनिया दीर्घकाळ राहिल्यास श्वासमार्गातील सूक्ष्म केस निकामी होऊ लागतात व कोंबडी श्वसनरोगांना सहज बळी पडते. याहून अधिक प्रमाण झाल्यास डोळे सुजतात, पाणी गळते व दृष्टीही जाते. उभ्या माणसाच्या नाकाला येणारा वास फसवा असतो. कोंबडी रात्रभर जमिनीपासून वीतभर उंचीवर श्वास घेते. पहाटे खुराड्याचे दार उघडल्यावर खाली वाकून, नाक गादीजवळ नेऊन वास घेतला म्हणजेच खरी स्थिती कळते. त्या वासाने डोळे चुरचुरत असतील, तर गादी बिघडलेली आहे असे समजावे.

ओल्या गादीचा दुसरा परिणाम पिलांवर होतो आणि परसातील कुक्कुटपालनात नुकसान होते ते मुख्यतः येथेच. आयमेरिया प्रजातीच्या आदिजीवांमुळे होणारी रक्ताची हगवण तीन ते सहा आठवड्यांच्या पिलांत विशेष आढळते. आजारी वा वाहक पक्ष्याच्या विष्ठेतून पडलेली या आदिजीवांची अंडपुटी लगेच संसर्गक्षम नसते. तिला पक्व होण्यास ओलावा, प्राणवायू व ऊब लागते आणि २५° ते ३०° से. तापमानात ओल्या गादीत ही क्रिया एक ते दोन दिवसांत पुरी होते. कोरड्या गादीत ती रखडते. पावसाळ्यातील ओले खुराडे म्हणजे या रोगाची आयती उबवणीच होय. तथापि अंडपुटींचा संपूर्ण नायनाट करणे हे उद्दिष्ट नव्हे व ते साधतही नाही. थोड्या प्रमाणात संसर्ग झालेल्या पिलांत प्रतिकारशक्ती निर्माण होते, म्हणून संख्या मर्यादेत ठेवणे एवढेच गादीकडून अपेक्षित असते. पायाच्या तळव्याला पडणारी क्षते, पिसांवर चिकटून बसणारी घाण व त्यामुळे मळणारी अंडी हीदेखील ओल्या गादीचीच फळे आहेत. उलट, मानमोडी (राणीखेत) या विषाणुजन्य रोगाचा गादीच्या ओलेपणाशी असा संबंध नाही. तूस बदलून मानमोडी टळत नाही, त्यासाठी लसच टोचावी लागते. हा भेद ध्यानात न आल्याने पुष्कळ ठिकाणी गादीला नको तो दोष व नको ते श्रेय दिले जाते.

भंडारा जिल्हा वैनगंगेच्या खोऱ्यात असून तळ्यांचा व धानाचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी व लाखांदूर हे त्याचे सात तालुके होत. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी त्यातून वेगळा झाला. जून ते सप्टेंबर या काळात येथे सु. १,३०० मिमी. पाऊस पडतो, हवा दिवसेंदिवस दमट राहते आणि धानाच्या बांध्या व मालगुजारी तलाव तुडुंब भरल्याने सखल भागातील जमिनीतही ओल असते. मे महिन्यात हेच तापमान ४५° से. पर्यंत चढते व हवा कोरडी ठणठणीत होते. गादीच्या दृष्टीने एकाच ठिकाणी दोन परस्परविरोधी हवामाने नांदतात असे म्हणता येईल. उन्हाळ्यात कशाचीही गादी चालते. निवडीची खरी कसोटी आषाढ-श्रावणात लागते.

या कसोटीला उतरणारा आणि जिल्ह्यात विपुल मिळणारा पदार्थ म्हणजे धानाचे तूस. शंभर किग्रॅ. धान भरडले असता सु. २० ते २२ किग्रॅ. तूस निघते. तुसाची पाकळी होडीच्या आकाराची, कडक व सिलिकायुक्त असते. ती जाळल्यास वजनाच्या १५ ते २० टक्के राख उरते व त्या राखेचा बहुतांश भाग सिलिकाच असतो. या कडकपणामुळे पाकळ्या एकमेकींवर दबून बसत नाहीत, त्यांच्यामध्ये हवेला वाट राहते आणि वर पडलेले पाणी खाली झिरपून वरचा थर लवकर सुकतो. बुरशी व कुजविणारे जंतू तुसावर सावकाश काम करतात. हे गुण ज्या कारणाने येतात त्याच कारणाने एक उणीवही येते. तुसाचा पृष्ठभाग मेणचट असल्याने ते लाकडाच्या सालपटांइतके पाणी शोषत नाही. वर कोरडे दिसणारे तूस खाली जमिनीला लागून ओलेचिंब असू शकते. म्हणून तुसाची गादी खालवर करीत राहणे ही तिच्या वापरातील अटच आहे. अट पाळायची नसेल, तर तूस निवडल्याचा फारसा उपयोग नाही.

येथे तूस व कोंडा यांतील फरक स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण बोलण्यात दोन्ही शब्दांची सरमिसळ होते. आधुनिक भातगिरणीत धानावरील टरफल रबरी रुळांनी प्रथम वेगळे काढतात व तांदूळ पुढे स्वतंत्रपणे घासतात. त्यामुळे तूस व कोंडा निरनिराळ्या वाटांनी बाहेर पडतात. गावातील लहान हलरमध्ये मात्र सोलणे व घासणे एकाच नळकांड्यात होते. हे यंत्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आलेल्या एंगेलबर्ग पद्धतीचे असते. त्यातून बाहेर पडणारा माल म्हणजे फुटके तूस, कोंडा व कणी यांचे मिश्रण होय. दिसायला ते बारीक, मऊ व स्वस्त असते आणि गादीसाठी अनेकदा तेच आणले जाते. परंतु कोंड्यात तेल असते व भरडल्यानंतर कोंड्यातीलच विकरामुळे ते काही दिवसांत खवट होऊ लागते. पिठूळ कण ओल धरतात, त्यावर बुरशी येते व पोरकिडे होतात. कोंबड्या कण्या टिपण्यासाठी विष्ठा पडलेली गादी उकरून खातात. उंदीर येतात आणि उंदरांमागून साप येतात. हलरचा माल कोंबड्यांच्या खाद्यात ताजा असताना मिसळता येतो, गादीत तो घालू नये. हाताने ओळखायची सोपी रीत अशी : मूठभर माल ओंजळीत चोळून फुंकर मारावी. तळहातावर पिठासारखा तेलकट थर राहिला, तर तो गादीचा माल नव्हे.

तुसाला दुसरेही गिऱ्हाईक आहे. उसन्या तांदळाच्या गिरण्यांत धान वाफवण्यासाठी लागणारी वाफ तूस जाळूनच तयार करतात. वीटभट्ट्या व जैवइंधनावर चालणारे उद्योगही ते उचलतात. तथापि परसातील खुराड्याची गरज इतकी थोडी असते की या स्पर्धेची झळ कुटुंबाला लागू नये. दहा कोंबड्यांसाठी सु. ३ चौ. मी. जागा धरली आणि ८ सेंमी. जाडीचा थर दिला, तर पाव घन मीटरच्या आतबाहेर म्हणजे सु. २५ ते ३० किग्रॅ. तूस पुरते. अडचण प्रमाणाची नसून काळाची आहे. खरिपाचे धान कापणीनंतर गिरण्यांत येऊ लागते व हिवाळ्यात तूस ताजे आणि कोरडे मिळते. पावसाळ्यात गिरणीच्या आवारातील उघड्या ढिगातून आणलेले तूस आतून भिजलेले व बुरशी धरलेले असण्याचा संभव असतो. वर्षाचे तूस पौष-माघात पोत्यांत भरून माळ्यावर वा छपराखाली ठेवणे हाच शहाणपणाचा व्यवहार होय.

इतर पदार्थांपैकी लाकडाची सालपटे शोषणाच्या बाबतीत तुसाहून सरस असतात, पण ती सुताराकडे मोजकीच मिळतात. आरागिरणीतील भुसा बारीक असतो व ओल्या लाकडाचा असल्यास मुळातच पाणी घेऊन येतो. त्यावर वाढणाऱ्या ॲस्परजिलस फ्युमिगेटस या कवकाची बीजुके श्वासावाटे गेल्यास पिलांना फुप्फुसदाह होतो आणि अशी पिले औषधाने सहसा वाचत नाहीत. भुसा वापरायचाच असेल, तर कडक उन्हात चांगला वाळवून व तुसात मिसळून वापरावा. एक भाग भुसा व तीन भाग तूस हे मिश्रण पावसाळ्यात दोहोंचे गुण साधते. रंगविलेल्या, वाळवीनाशक पाजलेल्या किंवा चिकटवलेल्या फळ्यांचा भुसा सर्वथा वर्ज्य मानावा. पेंटाक्लोरोफिनॉल पाजलेल्या लाकडाच्या भुशावर वाढणारी कवके त्या द्रव्यापासून कुबट वासाची संयुगे तयार करतात व ती मांसात आणि अंड्यांत उतरतात, हे ब्रिटनमध्ये दिसून आले.

तणस प्रत्येक धानकऱ्याच्या घरी असते. लांब काड्या तशाच पसरल्यास त्यांची चटई बनते, वर विष्ठेचा पापुद्रा धरतो व खाली उबट ओल साचते. तीन ते पाच सेंमी. लांबीचे तुकडे करून वापरल्यास ते बरे काम देते, परंतु तुसाहून लवकर कुजते. शिवाय तणस हा गुरांचा चारा आहे आणि ज्या वर्षी पाऊस ओढ देतो त्या वर्षी ते खुराड्यात घालणे कोणालाही परवडणार नाही. अंडी घालण्याच्या टोपलीत मात्र तणसासारखे दुसरे काही नाही. तेथे ओल नसते व कोंबडीला घरटे घडवता येते.

वाळू चटकन सुकते, पायाला बरी असते आणि अमेरिकेतील अलाबामा राज्यात तिच्यावर मांसल कोंबड्या वाढविण्याचे प्रयोग यशस्वी झाले आहेत. परसातील मोठ्या कोंबड्यांना ती चालते. मात्र थंडीत ती गार पडते म्हणून लहान पिलांना योग्य नाही, तिचे खत होत नाही व ती वाहून नेणे जड जाते. पानगळीतील पाला पुरता वाळलेला व चुरलेला असेल तरच घ्यावा. अखंड पाने एकावर एक चिकटून बसतात. जिल्ह्यात विड्या वळण्याचा धंदा जुना असून तेंदूच्या पानांची कात्रणे अनेक घरांत आयती पडलेली असतात. त्यांत तंबाखूचा चुरा मिसळलेला असल्याने ती खुराड्यात टाकू नयेत. निकोटीन पक्ष्यांना विषारी असते. उवा मारण्यासाठी बसण्याच्या दांड्यांना निकोटीन सल्फेट लावण्याची पद्धत पूर्वी पाश्चात्त्य देशांत होती, पण ती मोजूनमापून व धोका पत्करून केली जाई. चुलीतील राख धुळीच्या अंघोळीसाठी एका कोपऱ्यात ठेवणे युक्त आहे, परंतु सगळ्या गादीवर ती शिंपडू नये. लाकडाची राख अल्कधर्मी असल्याने अमोनिया अधिक सुटतो. विझविलेल्या चुन्याचेही तेच. चुना गादी भुसभुशीत ठेवतो म्हणून त्याची शिफारस करण्यात येते, पण वास सुटलेल्या ओल्या गादीवर चुना टाकला असता त्या दिवशी वास वाढतो, कमी होत नाही. अमोनिया बांधून ठेवण्यासाठी सुपर फॉस्फेट अधिक उपयोगी पडते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत गादी वारंवार काढून टाकणे हाच स्वच्छतेचा मार्ग समजला जाई. अमेरिकेतील ओहायो कृषी प्रयोग केंद्रात, वूस्टर येथे, केनर्ड व चेंबरलिन यांनी १९४० नंतरच्या दशकात साचविलेल्या गादीवर प्रयोग केले. जुनी गादी तशीच ठेवून तीवर नवी भर घालीत गेल्यास कोंबड्या निरोगी राहतात, इतकेच नव्हे तर अपुऱ्या खाद्यावरही त्यांची वाढ बरी होते, असे त्यांना आढळून आले. गादीतील सूक्ष्मजंतू जी पोषकद्रव्ये तयार करतात त्यांत १९४८ मध्ये शुद्ध रूपात वेगळे करण्यात आलेले ब१२ जीवनसत्त्व हे महत्त्वाचे असल्याचे पुढे स्पष्ट झाले. साचलेल्या गादीची ही पद्धत भारतातही रूढ झाली. तथापि ओहायोतील हिवाळा गार असतो, वैनगंगेकाठचा पावसाळा उबदार व दमट. जंतूंची क्रिया स्थिरावण्यास सु. दोन महिने लागतात, म्हणून गादी कोरड्या ऋतूतच सुरू करावी, पावसाच्या तोंडावर नवी गादी घालू नये, असा सल्ला भारतात दिला जातो. तो तुसाच्या हंगामाशी चांगला जुळतो. माघात घातलेली गादी मृगापूर्वी जुनी व मुरलेली झालेली असते.

खुराड्याची जमीन आजूबाजूच्या पातळीहून हातभर उंच असावी. एरवी जमिनीतील ओल खालून चढते व कोणताही पदार्थ टिकत नाही. सारवलेल्या मातीच्या जमिनीवर गादी घालण्यापूर्वी सारवण पुरते वाळू द्यावे. आरंभी ५ ते ८ सेंमी. थर देऊन पावसाळ्यापर्यंत तो १२ ते १५ सेंमी. करावा. उन्हाळ्यात जाड थर नको, कारण मुरणाऱ्या गादीची ऊब त्या दिवसांत कोंबडीला सोसत नाही. दिवसभर बाहेर फिरणाऱ्या कोंबड्यांची खुराड्यातील विष्ठा मुख्यतः रात्री, बसण्याच्या दांडीखालीच पडते. त्या पट्ट्यातले तूस दोन-तीन दिवसांनी उचलले व बाकीचे आठवड्यातून दोनदा दताळ्याने हलविले, तर संपूर्ण गादी बदलण्याची वेळ क्वचितच येते. पाण्याचे भांडे विटेवर किंवा शक्य तर खुराड्याबाहेर ठेवावे. पावसाळ्यातील ओल्या गादीचा माग काढला असता तो बरेचदा या भांड्यापाशी जाऊन थांबतो. मुंगसाच्या व रानमांजराच्या भीतीने रात्री खुराडे सर्व बाजूंनी बंद करण्यात येते. तसे केल्यास ओल बाहेर जाण्यास वाट राहत नाही. छपराखाली वीतभर उंचीची बांबूची किंवा तारेची जाळी ठेवल्यास दोन्ही हेतू साधतात.

ओलावा मोजण्यास यंत्राची गरज नाही. गादीतील मूठभर तूस, खालच्या थरासकट, घट्ट दाबून मूठ उघडावी. गोळा बनून तसाच राहिला तर गादी फार ओली, किंचित जुळून लगेच विसकटली तर योग्य, मुळीच न जुळता धूळ उडाली तर फार कोरडी समजावी. अतिकोरडी गादीही चांगली नव्हे. मे महिन्यात धुळीने श्वासमार्गाचा दाह होतो, अशा वेळी हलके पाणी शिंपडावे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुरात भंडारा शहराचा काही भाग व नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. तशा पुराचे पाणी शिरलेली गादी मात्र वाळवून परत वापरता येत नाही. ती पूर्णपणे काढावी, जमीन सुकू द्यावी व नवे तूस घालावे.

एक दिवसाच्या पिलांना खाद्य व तूस यांतील फरक कळत नाही. ती तूस गिळतात व त्यामुळे त्यांची अन्ननलिकेची पिशवी तुंबते. पहिले दोन-तीन दिवस गादीवर जाड, खरखरीत कागद पसरून त्यावर खाद्य टाकावे. गुळगुळीत कागदावर पिलांचे पाय फाकतात व ती कायमची लंगडी होतात. कोंबडीखाली उबलेल्या पिलांना आई टिपायला शिकवते, म्हणून तेथे ही काळजी कमी लागते, पण विकत आणलेल्या सुधारित जातींच्या पिलांबाबत ती घ्यावीच लागते.

वर्षाच्या शेवटी निघणारी गादी हे उत्तम खत असते. चांगल्या मुरलेल्या गादीत सु. ३ टक्के नायट्रोजन व प्रत्येकी सु. २ टक्के फॉस्फरस आणि पोटॅश (ऑक्साइडांच्या रूपात) असतात. तूस सावकाश कुजत असल्याने ती थेट भाजीपाल्याला न घालता दोन-तीन महिने ढीग करून झाकून ठेवतात व मृगापूर्वी धानाच्या बांधीत पसरून चिखलणीत मिसळतात. भारी जमिनीत न कुजलेले तूसही माती मोकळी ठेवण्यास मदत करते. संसर्गजन्य रोगाची साथ आल्यास मात्र हा मार्ग बंद होतो. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पक्षी इन्फ्ल्यूएंझाचा पहिला उद्रेक झाला. अशा वेळी बाधित क्षेत्रातील कोंबड्यांबरोबर गादी, खाद्य व अंडीही पशुवैद्यकीय देखरेखीखाली नष्ट करावी लागतात आणि ती शेतात नेता येत नाहीत. खताच्या ढिगात मेलेली कोंबडी वा पिलू टाकणेही घातक असते. कुजणाऱ्या शवात वाढणाऱ्या जंतूंचे विष गादीत उतरते व अशा ढिगात तोंड घालणाऱ्या किंवा त्या खताने माखलेल्या कुरणात चरणाऱ्या गुरांना बॉट्युलिझम होऊन ती दगावल्याची उदाहरणे अनेक देशांत नोंदली गेली आहेत. म्हणून ढिगाला काटेरी कुंपण घालतात व मेलेले पक्षी वेगळ्या खड्ड्यात चुना टाकून पुरतात.